आधी बंध, मग नाव: खताच्या पोत्यावरून संयुगं शिकायची रीत

मोर्शी तालुक्यातल्या एका गावात माझं कृषी सेवा केंद्र आहे. बी.एस्सी. केली रसायनशास्त्रात, पोट भरतं बियाणं-खतांवर. संध्याकाळी गिऱ्हाईक ओसरलं की नववी-दहावीतली पाचसात पोट्टी दुकानाच्या ओट्यावर वह्या घेऊन बसतात. शिकवणी म्हणावी असं त्यात काही नाही. फी नाही आणि फळाही नाही. रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर खडूनं लिहायचं, झालं.

मागच्या वर्षी एक नववीतली पोरगी पोटॅशच्या पोत्याला टेकून बसली होती. म्हणाली, "भाऊ, याच्यावर म्युरिएट ऑफ पोटॅश लिवलं हाय. आमच्या पुस्तकात तर असं काईच नाही जी." मी सांगितलं, म्युरिएट हे क्लोराईडचं जुनं नाव. लॅटिनमध्ये म्युरिया म्हणजे मिठाचं पाणी, त्यावरून आलेलं. पोत्यात आहे पोटॅशिअम क्लोराईड. त्यावर तिनं विचारलं, "मंग हे पाठ करायचं का?"

पाठ करायचं नाही, हेच मला या लेखात सांगायचं आहे. शंभर संयुगांची यादी घोकणारी पोरं एकशे एकाव्याला अडतात. नाव येतं बंधावरून, आणि बंध ओळखायला बहुतेक वेळा एकच प्रश्न पुरतो: यात धातू आहे का? बाकीच्या पायऱ्या त्याच्यामागून येतात.

सूत्रं मी इथे आपण तोंडानं म्हणतो तशीच लिहिली आहेत: एच-टू-ओ, एनए-सीएल. वहीत लिहिताना तो 'टू' आपल्या आधीच्या अक्षराच्या पायाशी, बारीक आकड्यात लिहायचा. समोर मोठा लिहिला की त्याचा अर्थ बदलतो.

सुरुवातीलाच दोन खड्डे

पहिला खड्डा हिंदी व्हिडिओंचा. आपल्याकडे पोरं मोबाईलवर हिंदीतून शिकतात, त्यात वाईट काही नाही. पण हिंदीत 'अणु' म्हणजे आपला रेणू आणि 'परमाणु' म्हणजे आपला अणू. मराठी पुस्तकात अणू हा सगळ्यात छोटा, आणि अणू जोडले की रेणू. दहावीतला एक पोरगा महिनाभर सगळं उलटं लिहीत होता. मास्तरांना वाटलं त्याला काही येत नाही. त्याला सगळं येत होतं, फक्त दुसऱ्या भाषेत.

दुसरा खड्डा संज्ञांचा. सोडिअमला 'एसओ' कावून नाही, 'एनए' कावून? कारण लॅटिन नाव नॅट्रिअम. ते आलं नॅट्रॉनवरून, म्हणजे खाऱ्या तळ्यांच्या काठी साचणाऱ्या सोडिअम कार्बोनेटच्या खारावरून. असं तळं पाहायला इजिप्तला जायला नको, आपलं बुलढाण्याचं लोणार आहेच. तिथल्या पाण्यात सोडिअमचे कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि क्लोराईड हे तिन्ही क्षार आहेत. लोणारची सहल केलेलं पोरगं 'एनए' विसरत नाही. तसंच पोटॅशिअम 'के' (कॅलिअम), लोह 'एफई' (फेरम), तांबं 'सीयू' (क्युप्रम), शिसं 'पीबी' (प्लंबम), चांदी 'एजी' (अर्जेंटम). घोकायच्या एवढ्याच, बाकीच्या बहुतेक नावावरून कळतात.

पायरी पहिली: धातू आहे का?

आवर्तसारणीत डावीकडे आणि मधे धातू, उजवीकडे वरच्या कोपऱ्यात अधातू. आपल्या कामाचे धातू: सोडिअम, पोटॅशिअम, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, ॲल्युमिनिअम, लोह, तांबं, जस्त, मँगनीज. अधातू: हायड्रोजन, कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फॉस्फरस, गंधक (सल्फर), क्लोरीन, फ्लोरीन.

संयुगात धातू आणि अधातू दोन्ही असले तर बंध बहुधा आयनिक. दोन्हीकडे अधातूच असले तर सहसंयुज. हे दोन्ही काय ते तिसऱ्या पायरीत येतं. अपवाद एकच लक्षात ठेवा, कारण आमच्या धंद्यात तो रोज भेटतो: अमोनिअम. त्यात धातू नाही, नायट्रोजन आणि हायड्रोजनच आहेत. तरी चार हायड्रोजनचा हा घोळका एक धन प्रभार घेऊन धातूच्या जागी बसतो. डीएपी खतातला (डायअमोनिअम फॉस्फेट) 'ए' तोच.

पायरी दुसरी: संयुजा

संयुजा म्हणजे अणू किती इलेक्ट्रॉन देतो, घेतो किंवा वाटून घेतो तो आकडा. अणूच्या सगळ्यात बाहेरच्या कवचात किती इलेक्ट्रॉन, ते पाहा. प्रत्येकाला तिथे आठ हवे असतात, हायड्रोजनला दोन. सोडिअमचं संरूपण, म्हणजे आतून बाहेर एकेका कवचातले इलेक्ट्रॉन, २, ८, १. एक देऊन टाकला की काम भागतं, म्हणून संयुजा १. क्लोरीन २, ८, ७. एक कमी, संयुजा पुन्हा १. मॅग्नेशिअम २, ८, २ आणि कॅल्शिअम २, ८, ८, २, दोघांची २. ॲल्युमिनिअम २, ८, ३, म्हणजे ३. ऑक्सिजन २, ६, त्याला दोन हवेत. नायट्रोजन २, ५, तीन हवेत. कार्बन २, ४. त्याला चार देणंही अवघड आणि घेणंही अवघड. तो काय करतो ते पुढे येतंच.

पायरी तिसरी: बंध

इथे घाई करू नका. पुढची सगळी नावं यावर उभी आहेत.

सहसंयुज बंध समजावायला मला आपल्या शेतीइतकं सोपं दुसरं काही सापडलं नाही. ज्याच्याकडे एकच बैल आहे तो काय करतो? दुसऱ्या एकबैलवाल्याशी सावड करतो. दोघांचा एकेक बैल मिळून जोडी होते. आज ती याच्या वावरात चालते, उद्या त्याच्या. बैल कुणी विकला नाही, जोडी मात्र दोघांची झाली. क्लोरीनचे दोन अणू हेच करतात. दोघांकडे सात-सात, दोघंही एकेक इलेक्ट्रॉन सामाईक ठेवतात, आणि ती जोडी दोघांच्याही हिशोबात धरली जाते. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईसनं १९१६ साली मांडलं ते हेच: बंध म्हणजे दोन अणूंनी वाटून घेतलेली इलेक्ट्रॉनची जोडी. ऑक्सिजनचे दोन अणू दोन जोड्यांची सावड करतात, नायट्रोजनचे तीन जोड्यांची. आणि कार्बन? त्याचे चार बैल चार शेजाऱ्यांच्या सावडीत. चारही शेजारी हायड्रोजन असले की झाला मिथेन, म्हणजे गोबरगॅसमधला जळणारा वायू.

आयनिक बंधात सावड नाही, बैलच दुसऱ्याच्या गोठ्यात जातो. सोडिअमनं इलेक्ट्रॉन दिला, तो झाला धन आयन. क्लोरीननं घेतला, तो झाला ऋण आयन, त्याचं नाव आता क्लोराईड. पण इथे उपमा लंगडते, आणि नेमक्या याच ठिकाणी पोरांची समजूत चुकते. व्यवहार झाला की देणारा-घेणारा घरी जातात, आयन जात नाहीत. धन आणि ऋण एकमेकांना ओढून धरतात. शिवाय ज्यानं दिला त्यालाच धरून बसतात असंही नाही. मिठाच्या खड्यात प्रत्येक सोडिअम आयनाभोवती सहा क्लोराईड असतात आणि प्रत्येक क्लोराईडभोवती सहा सोडिअम. म्हणून 'मिठाचा एक रेणू' अशी वस्तूच नसते. एनए-सीएल हे प्रमाण आहे, एकास एक.

हा फरक हातानं करून पाहता येतो. आमच्या ओट्यावर सगळ्यात जास्त गर्दी याच प्रयोगाला होते. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, लाल एलईडी, ४७० ओहमचा रोधक आणि दोन शिसपेन्सिली घ्या. पेन्सिलींना दोन्हीकडून टोक काढा. बॅटरी, रोधक, एलईडी आणि दोन पेन्सिली एकामागे एक तारेनं जोडा, पेन्सिलींची दुसरी टोकं पाण्यात बुडवा, पण एकमेकींना लागू देऊ नका. एका पेल्यात चमचाभर पोटॅश, दुसऱ्यात चमचाभर युरिया. पाणी मात्र डिस्टिल्ड घ्या, ट्रॅक्टरच्या बॅटरीत टाकतात ते. बाटलीवरचं नाव नीट वाचा, कारण त्याच दुकानात त्याच फळीवर बॅटरीचं ॲसिडही असतं. विहिरीचं पाणी घेतलंत तर काहीही न टाकता एलईडी पेटेल. आपल्या पाण्यात क्षार आधीच इतके असतात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर विचारूच नका.

पोटॅशच्या पेल्यात एलईडी झळकतो. युरियाच्या पेल्यात पेटत नाही, फार तर मिणमिणतो. पोटॅश विरघळलं की आयन सुटे होतात आणि वीज वाहून नेतात. युरिया विरघळला तरी त्याचे रेणू अख्खेच राहतात, त्यांच्यावर प्रभारच नाही. दहा-पंधरा सेकंदांत पाहणं उरका आणि प्रयोग मोकळ्या हवेत करा. पोटॅशच्या पेल्यात एका कांडीजवळ थोडा क्लोरीन सुटतो, वास येतो. घरच्या विजेला किंवा मोटरीच्या स्टार्टरला यातलं काहीही जोडायचं नाही. हे मी प्रत्येक वेळी दोनदा सांगतो, लेखातही सांगतो: जोडायचं नाही.

दुसरी खूण वितळण्याची. मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात, युरिया १३३ अंशालाच वितळतो. आयनांचा खडा मोडायला सगळी ओढाताण सोडवावी लागते. युरियाचे रेणू मात्र एकमेकांना तेवढे घट्ट धरत नाहीत. युरिया घरात तापवून पाहू नका, अमोनियानं डोळे चुरचुरतील.

पायरी चौथी: धातू-अधातूचं नाव आणि सूत्र

आता नाव सोपं. धातूचं नाव जसंच्या तसं आधी, अधातूच्या नावाचं शेपूट कापून तिथे 'आईड'. क्लोरीनचं क्लोराईड, ऑक्सिजनचं ऑक्साईड, सल्फरचं सल्फाईड, फ्लोरीनचं फ्लोराईड, नायट्रोजनचं नायट्राईड.

सूत्रासाठी पुस्तकातला तिरकस गुणाकार. संज्ञा शेजारी-शेजारी, खाली संयुजा, मग याची त्याला आणि त्याची याला. कॅल्शिअम २, क्लोरीन १: सीए-सीएल-टू. ॲल्युमिनिअम ३, ऑक्सिजन २: एएल-टू-ओ-थ्री. दोन्ही आकड्यांना भाग जात असेल तर द्या. कॅल्शिअम २, ऑक्सिजन २, तिरकस केलं तर सीए-टू-ओ-टू येतं, खरं सूत्र सीए-ओ. असा भाग आयनिक संयुगालाच द्यायचा, कारण तिथे सूत्र म्हणजे प्रमाण. हायड्रोजन पेरॉक्साईड एच-टू-ओ-टूच राहतं. तो खराखुरा रेणू आहे, त्याला अर्धा करता येत नाही.

आणि सगळ्यात जास्त होणारी चूक: 'कॅल्शिअम डायक्लोराईड'. आयनिक नावात डाय-ट्राय लागत नाहीत. कॅल्शिअमची संयुजा २ आहे हे जगाला माहीत आहे, क्लोरीन किती ते आपोआप ठरतं. सांगायची गरज नाही म्हणून सांगत नाहीत.

पायरी पाचवी: ज्यांची संयुजा बदलते

लोहाला ते सांगावं लागतं. लोह कधी दोन इलेक्ट्रॉन देतं, कधी तीन. दोनचं ते फेरस, तीनचं ते फेरिक. तांब्याचं एकचं क्युप्रस, दोनचं क्युप्रिक. नव्या पद्धतीत धातूच्या नावापुढे कंसात रोमन आकडा लिहितात आणि वाचताना 'आयर्न दोन', 'आयर्न तीन' म्हणतात. मला नवी पद्धत बरी वाटते. जुनीत 'अस' म्हणजे कमी आणि 'इक' म्हणजे जास्त एवढंच कळतं, किती ते कळत नाही.

दुकानात हे डोळ्यांनी दिसतं. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, ताजं असताना फिकट हिरवं. पिशवी उघडी राहिली की पावसाळी हवेत खड्यांवर तांबूस-पिवळी बुरशी चढल्यासारखी दिसते. ती बुरशी नव्हे, दोनचं लोह हवेतल्या ऑक्सिजननं तीनचं होत असतं. पिवळं पडलेलं हिराकस झाडाला तितकं लागू पडत नाही, गिऱ्हाइकानं परत आणलं तर वाद घालू नये. गंजात आणि गडचिरोलीच्या सूरजागडच्या हेमटाईटमध्येही लोह तीनचंच: एफई-टू-ओ-थ्री.

मँगनीजचा एक वाकडा मासला आपल्याच भागातला. भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघणारं मँगनीज डायऑक्साईडचं खनिज टॉर्चच्या सेलसाठी वापरलं जातं. इथे मँगनीजची संयुजा ४. तिरकस करून एमएन-टू-ओ-फोर, भाग देऊन एमएन-ओ-टू. आता पाहा, धातू असूनही नावात 'डाय' आहे! हे रुळलेलं जुनं नाव, नियमानं ते मँगनीज चार ऑक्साईड. बाजाराला नियमाशी देणंघेणं नसतं.

पायरी सहावी: संयुक्त मूलकं

काही अणू आपसात सावड करून टोळी करतात आणि टोळीच्या टोळी एका प्रभारानं वावरते. पाठ करायच्या त्या एवढ्या: अमोनिअम (एनएच-फोर, धन १), हायड्रॉक्साईड (ओएच, ऋण १), नायट्रेट (एनओ-थ्री, ऋण १), बायकार्बोनेट (एचसीओ-थ्री, ऋण १), कार्बोनेट (सीओ-थ्री, ऋण २), सल्फेट (एसओ-फोर, ऋण २), फॉस्फेट (पीओ-फोर, ऋण ३). मघाच्या संज्ञा सोडल्या तर लेखातलं मोठं पाठांतर इथेच आहे, ते मी मागत नाही असं नाही.

म्हणजे अमोनिअम सल्फेटच्या एकाच दाण्यात दोन्ही बंध असतात. नायट्रोजन-हायड्रोजनची आणि गंधक-ऑक्सिजनची आतली बांधणी सहसंयुज, आणि त्या दोन टोळ्यांमधली ओढ आयनिक. दाणा पाण्यात टाकला की बाहेरची ओढ सुटते, आतली सावड टिकते. 'एका संयुगात एकच बंध' असं पक्कं डोक्यात धरलेली पोरं इथे गोंधळतात. मग मी म्हणतो, घरातली माणसं रक्तानं बांधलेली आणि दोन घरं सोयरिकीनं, तसं समज.

टोळी एकाहून जास्त लागली तर कंस हवाच. कॅल्शिअम हायड्रॉक्साईड म्हणजे सीए, मग कंसात ओएच, कंसाबाहेर टू. कंस विसरलात तर फक्त हायड्रोजन दोन झाले, ऑक्सिजन एकच राहिला.

शेपटांकडे नीट पाहा. सल्फाईडमध्ये गंधक एकटा. सल्फाईटमध्ये त्याच्यासोबत तीन ऑक्सिजन. सल्फेटमध्ये चार. 'आईट'पेक्षा 'एट'मध्ये ऑक्सिजन जास्त, हे नायट्राईट-नायट्रेटलाही लागू. आम्लांची नावं यांवरूनच निघतात: क्लोराईडचं हायड्रोक्लोरिक, सल्फाईटचं सल्फ्युरस, सल्फेटचं सल्फ्युरिक, नायट्रेटचं नायट्रिक.

नावाचं शेपूट किती महत्त्वाचं ते यवतमाळ जिल्ह्यात विचारा. पांढरकवड्याकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे, दातांवर पट्टे येतात, हाडं धरतात. लोक बोलताना 'पाण्यात फ्लोरीन आहे' म्हणतात. फ्लोरीन हा अतिशय दाहक वायू, तो तसाच्या तसा पाण्यात राहूच शकत नाही. पाण्यात असतो तो इलेक्ट्रॉन घेऊन शांत झालेला फ्लोराईड आयन. लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर गेला की पिण्याला घातक. 'ईन' आणि 'आईड' यांच्यात फरक एका इलेक्ट्रॉनचा आहे.

चुन्याचंही तसंच. चुनखडी म्हणजे कॅल्शिअम कार्बोनेट. ती भट्टीत भाजली की कार्बन डायऑक्साईड निघून जातो, उरतो कळीचा चुना, कॅल्शिअम ऑक्साईड. त्यावर पाणी घातलं की तो खदखदतो आणि विरतो, झालं कॅल्शिअम हायड्रॉक्साईड. भिंतीला लावला की हवेतला कार्बन डायऑक्साईड घेऊन पुन्हा कार्बोनेट. गवंडी तिन्हींना 'चुना'च म्हणतो, आणि त्याचं काही अडत नाही. संत्र्याच्या बुंध्याला बोर्डो मलम (मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आणि चुना यांचं) लावणाऱ्याचं मात्र अडतं. कळीचा चुना सांगितला असताना वर्षभर उघडा पडलेला चुना वापरला तर त्यातला बराचसा कार्बोनेट होऊन बसलेला असतो, मोरचूद पुरतं मारलं जात नाही आणि साल भाजते. म्हणून मिश्रणात घासलेली लोखंडी सळई किंवा विळा बुडवून पाहतात. त्यावर तांबूस थर चढला तर तांब्याचे आयन अजून मोकळे आहेत, आणखी चुना घाला. ठिबकच्या नळीत साचणारा पांढरा थरही बहुधा कॅल्शिअम कार्बोनेटच, म्हणून ॲसिड सोडलं की फसफसतो. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही.

पायरी सातवी: नावातलं पाणी

मोरचूद म्हणजे नुसतं कॉपर सल्फेट नव्हे. त्याच्या प्रत्येक घटकामागे पाण्याचे पाच रेणू खड्यात बांधलेले असतात, म्हणून नाव कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट. अणूंची वस्तुमानं आवर्तसारणीतून घेऊन हिशोब करा: तांबं ६३.५, सल्फेट ९६, पाणी पाच गुणिले १८ म्हणजे ९०. एकूण २४९.५. किलोभर मोरचुदात सुमारे ३६० ग्रॅम पाणी, आणि हाताला कोरडं लागतं! खडा तापवला की पाणी निघून जाऊन पांढरा होतो, थेंबभर पाणी टाकलं की पुन्हा निळा. शाळेत परीक्षानळीत करून पाहा. स्वयंपाकाच्या भांड्यात नाही, मोरचूद विष आहे.

हे पाणी मला एकदा महागात पडलं. झिंक सल्फेटच्या दोन पिशव्या येतात, एकीवर जस्त २१ टक्के, दुसरीवर ३३ टक्के. दुकानात वर्षानुवर्षं २१ची पिशवी होती, फवारणीचं प्रमाण मला तोंडपाठ. एका हंगामात ३३ची आली आणि मी सवयीनं जुनंच प्रमाण सांगितलं. एका काकांच्या संत्र्याची कोवळी नवती करपली. त्यांनी आरडाओरडा केला नाही, पिशवी आणून गल्ल्यावर ठेवली फक्त. तेव्हा मी नाव नीट वाचलं. २१ची हेप्टाहायड्रेट, सात पाणी: ६५.४ भागिले २८७.४, शुद्ध मालात सुमारे २३ टक्के जस्त. ३३ची मोनोहायड्रेट, एकच पाणी: ६५.४ भागिले १७९.४, सुमारे ३६ टक्के. वर 'झिंक सल्फेट' एकसारखंच, खालच्या बारीक अक्षरांत सगळा फरक. रसायनशास्त्राची पदवी माझी, आणि वाचायला विसरलो मीच.

पायरी आठवी: दोन्ही अधातू असतील तर

इथे मात्र मोजून सांगावं लागतं, कारण तेच दोन अधातू वेगवेगळ्या प्रमाणात जमतात. मोनो १, डाय २, ट्राय ३, टेट्रा ४, पेंटा ५, हेक्सा ६. पहिल्या मूलद्रव्याला 'मोनो' लावत नाहीत, दुसऱ्याला लावतात. सीओ-टू कार्बन डायऑक्साईड, सीओ कार्बन मोनॉक्साईड. एका ऑक्सिजनचा फरक. पण थंडीत दार लावून खोलीत कोळशाची शेगडी ठेवली तर अर्धवट जळण्यातून हा मोनॉक्साईड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेलं माणूस उठत नाही. एसओ-टू सल्फर डायऑक्साईड, पी-टू-ओ-फाईव्ह डायफॉस्फरस पेंटॉक्साईड. पाणी, अमोनिया, मिथेन ही नावं इतकी रुळली आहेत की त्यांना कुणी नियम लावत नाही. टीसीएल पावडर, जी ग्रामपंचायत विहिरीत टाकते, तिच्या वाटेला नववीत जाऊ नका. तिच्यात कॅल्शिअमसोबत क्लोराईड आणि हायपोक्लोराईट दोन्ही असतात, साध्या नियमात बसत नाही.

आता पोतं वाचू

एक फसवणूक आधी सांगतो. पोत्यावर फॉस्फरसचं प्रमाण पी-टू-ओ-फाईव्ह म्हणून आणि पालाशचं (पोटॅशिअमचं) के-टू-ओ म्हणून छापतात. ही संयुगं पोत्यात नसतात. जुन्या काळापासून चालत आलेली मोजायची रीत आहे ती, जसं वावर हेक्टरात असलं तरी आपण एकरात बोलतो. शुद्ध फॉस्फरसला २.२९नं गुणलं की पी-टू-ओ-फाईव्ह, शुद्ध पोटॅशिअमला १.२नं गुणलं की के-टू-ओ.

युरियात नायट्रोजनचे दोन अणू, २८. पूर्ण रेणू ६०. भागाकार ४६.७ टक्के, पोत्यावर ४६. जमलं. पिशवीवरचे तीन आकडे म्हणजे क्रमानं नायट्रोजन, पी-टू-ओ-फाईव्ह आणि के-टू-ओ यांचे टक्के. पांढऱ्या पिशवीतलं १३:०:४५ म्हणजे पोटॅशिअम नायट्रेट, केएनओ-थ्री. धातू आहे, टोळी आहे, संयुजा दोन्हीकडे १, कंस नको, डाय-ट्राय नको.

आणि ०:५२:३४? हे त्या पोटॅशवाल्या पोरीनं पुठ्ठ्यावर स्वतः सोडवलं. पिशवीवर मोनोपोटॅशिअम फॉस्फेट. फॉस्फेट ऋण ३, पोटॅशिअम एकच, मग उरलेले दोन प्रभार कुणी भरले? तिनं पेन्सिल चावली, मग लिहिलं: हायड्रोजन दोन. केएच-टू-पीओ-फोर. ३९, २, ३१, ६४, बेरीज १३६. फॉस्फरस ३१ भागिले १३६, गुणिले २.२९, आले ५२. पोटॅशिअम ३९ भागिले १३६, गुणिले १.२, आले ३४. पिशवी उलटी करून तिनं आकडे पुन्हा वाचले आणि म्हणाली, "भाऊ, बराबर हाय जी." मग फळीवरची १२:६१:०ची पिशवी ओढली. तुम्हीही तीच घ्या: मोनोअमोनिअम फॉस्फेट. सूत्र लिहा, बेरीज ११५ यायला हवी.